अंगणातून दिसणारा डोंगर

पाक चोंग, २३ नोव्हेंबर

खेमदादा,

सुकी कोळंबी पोचली. पाण्यात दिवे सोडायच्या सणाला तुझं खोकं आलं नाही असं एकही वर्ष गेलं नाही, आणि खोक्यातून चिठ्ठी निघाली असंही एकही वर्ष गेलं नाही. खोक्यावर तुझा पत्ता असतोच. आजवर मी तो हट्टाने वापरला नाही. आता माझं काम अडलंय, म्हणून लिहितेय.

फोनवर तू मला ब्लॉक केलेलं आहेस. माप्रांगच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो मी तुला पाठवला होता. अंगणात नव्या गणवेशात ती, शेजारी व्हीलचेअरवर मी. दुसऱ्या दिवसापासून माझं काहीच तुझ्याकडे पोचेना. मला वाटलं, दादाला माझी खुर्ची बघवत नाही. मग मीही तोंड फिरवलं. असो. भांडायला लिहीत नाहीये. मनातल्या मनात इतकं भांडून झालंय की आता त्याचाही कंटाळा आला.

काम असं आहे. माझी लेक माप्रांग, म्हणजे तू अजून प्रत्यक्ष न पाहिलेली तुझी भाची, आठ वर्षांची झाली. तिच्याकडे राष्ट्रीय उद्यानांचं ते शिक्क्यांचं पुस्तक आहे, जाऊ तिथला शिक्का मारायचा. दर थंडीत आम्ही चौघं निघतो. माझा नवरा विरोत पिकअप चालवतो आणि आई शेजारी बसून विरोतला चालवते. तो बिचारा मोटारसायकली दुरुस्त करणारा माणूस. त्याने माझ्या खुर्चीला जाड टायर लावलेत आणि खडकाळ वाटेसाठी पुढे एक तिसरं चाक वेल्डिंग करून दिलंय. त्या चाकावर आम्ही बरंच फिरलो. डोई इंथानोनच्या माथ्यावर तापमानाच्या पाटीशेजारी कुडकुडत फोटो काढला. साम रोय योतला लाकडी वाटेवरून कमळांच्या मधोमध गेले. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही, शेवटी तुझ्याच खात्याची माणसं) अपंगांच्या संडासाला छान उतार केला होता, आणि उतार संपताच एक पायरी होती. आईने त्या पायरीला जे ऐकवलं ते पोस्टाने पाठवण्यासारखं नाही.

तर पुस्तकात एक पान कोरं आहे. आपल्या अंगणातून जो डोंगर दिसतो त्याचं. खाओ याईचं. माप्रांग विचारते, 'इतक्या लांब लांब जातो, मग समोरच का नाही जात?' मी आईकडे बघते. आई म्हणते, 'त्या डोंगराचं नाव काढू नका. माझा एकच मुलगा होता, तो त्या जंगलात रमला. बहीण अंथरुणाला खिळली तेव्हा जंगलही सोडलं आणि घरही. आता तिथे काय माकडं बघायचीत?' दरवर्षी हेच, शब्दही तेच.

या वर्षी माप्रांग म्हणाली, 'आजी, मामा तर तिथे नाहीये. मग तू कुणावर रुसलीस?' आई तडक उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. कोंबड्या नुकत्याच खाऊन बसल्या होत्या. दुपारी आपणहून म्हणाली, 'विरोतला साधा भात शिजवता येत नाही. मला यावंच लागेल.'

म्हणजे आम्ही जाणार. वर्ष संपायच्या आत, तंबू घेऊन. तू तिथला रेंजर होतास. मला एवढंच सांग, चाकं कुठवर जातील? गवतातून प्राणी बघायच्या मनोऱ्याकडे जाते ती वाट घट्ट आहे का? धबधबा वरून दिसतो का, की सगळं त्या पायऱ्यांखालीच? मी धडधाकट होते तेव्हा तू कितीदा म्हणालास चल दाखवतो, आणि मी म्हणायचे, कुठे पळून जातोय का तुझा धबधबा.

ताप मणक्यात गेला आणि कोरातच्या दवाखान्यात मी डोळे उघडले, तेव्हा तू शेजारी का नव्हतास, हे मी विचारणार नाही. विचारणार नाही म्हणता म्हणता लिहिलंच. आता खोडत नाही, पान खराब होतं.

तुझी तोय

पाक चोंग, ९ डिसेंबर

खेमदादा,

खोकं आलं. जळवा चावू नयेत म्हणून घालतात ते मोजे, चार जोड. चिठ्ठी नाहीच.

आधी आम्ही सगळे हसलो. थंडीत डोंगरावर जळवा नसतात हे पाक चोंगचं शेंबडं पोरही सांगेल, आणि तू तर तिथे राहिलेला माणूस. मी विचारलं चाकांचं, उत्तर आलं मोज्यांचं. विरोत म्हणाला, 'दादांनी प्रश्न नीट वाचलेला दिसत नाही.' आईने एक मोजा उचलला, उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. म्हणाली, 'दुकानातले नाहीत हे. अजून शिवण वाकडीच घालतो.' मग कुणी हसलं नाही.

मलाही आठवलं. तुझी नोकरी नवी होती, आणि आईने तुला मांजरपाटाचे मोजे शिवायला शिकवले होते. सुई बोटात घुसली की तू जळवांना शिव्या द्यायचास.

माझ्या जोडीला आतून मऊ अस्तर आहे. ते कशाला, हे मला लगेच कळलं. माझ्या पायांना काही घासलं, कापलं, तरी मला पत्ता नसतो. जखम दिसेल तेव्हा कळणार. पण हे तुला कुणी सांगितलं? मी घरी आले त्याच्या आधीच तू गेला होतास. माप्रांगचे मोजेही अगदी मापाचे. कुणीतरी तुला आमच्या बातम्या पुरवतंय, दादा. शोधून काढीन.

आईच्या मोज्यांना तू नाडी सैल ठेवलीस. तिचे गुडघे सुजतात हेही तुला ठाऊक. तिने ते घरातच पायात चढवले. 'माप बघतेय,' म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत मापच बघत राहिली. मोजे घालूनच तिने सीताफळांच्या झाडांना पाणी घातलं. समोरून कुणी हसलं तर ती डोळे वटारायची.

तोय

पाक चोंग, २९ डिसेंबर

खेमदादा,

शिक्का मिळाला. माप्रांगने तो इतका दाबून मारला की मागच्या पानावर कमळांच्या तळ्यातही डोंगर उगवलाय.

आता सगळं सांगते. पिकअपमध्ये काय नव्हतं? तंबू, गाद्या, माझी खुर्ची, शेगडी, चिकट भाताची टोपली, आणि आईचा दगडी खलबत्ता. विरोत म्हणाला, 'आई, मिरच्या घरूनच वाटून नेऊ ना.' आई म्हणाली, 'वाटलेली मिरची रस्त्यात मरते.' वर पोचल्यावर तो खलबत्ता उतरवायला विरोत दोन्ही हात पुढे करून धावला. तोवर आईने तो एका हाताने काढून खाली ठेवलाही होता. एकाहत्तरीची बाई. विरोतने हात खिशात घातले.

फाटकाआधी राखणदारबाबांच्या देवळाशी सगळ्या गाड्या थांबतात तशी आमचीही थांबली. विरोत आणि माप्रांग हार घेऊन गेले. मी गाडीतूनच हात जोडले. आई काच वर करून समोर बघत बसली.

पुढे वळणावर हत्ती. एकटाच, सुळ्यांचा, रस्त्याच्या कडेचं गवत उपटून पायावर झटकून खात होता. विरोतने इंजिन चालू ठेवून गाडी थांबवली. हॉर्न नाही, फ्लॅश नाही, सगळं तुझ्या नियमांनी. हत्ती रमत गमत आमच्याकडेच यायला लागला. आई हात जोडून हळूच म्हणाली, 'आजोबा, गाडीत लेकरू आहे, बेताने जा.' आजोबा बेतानेच गेले. त्यांची पाठ खिडकीशेजारून सरकत होती तेव्हा मातीचा आणि ओल्या पानांचा वास आला. तू ड्यूटीवरून घरी यायचास तेव्हा तुझ्या शर्टाला हाच वास असायचा. आईने काच थोडी खाली केली.

मनोऱ्याची वाट घट्ट नाही, पुढच्यांना सांगून ठेव. अर्धी ठीक आहे, मग चाकं रुततात. विरोत पुढून दोरीने ओढतोय, आई मागून ढकलतेय, माप्रांग दगड बाजूला करतेय आणि मी बसून हुकूम सोडतेय. डावीकडे घ्या, अरे डावीकडे. आई म्हणाली, 'मूर्ती मिरवताना निदान मूर्ती तरी गप्प बसते.' मनोऱ्यावर मला चढता आलं नाही, तेव्हा मी खालीच राहिले. खरं सांगू, गवतात चाकं रुतवून बसायला मला वरच्यांपेक्षा जास्त मजा आली. वरचे लोक कुजबुजत दुर्बिणी फिरवत होते, आणि एक रानकोंबडा सरळ माझ्या पायाजवळून गेला. मला खुर्चीसकट झुडूप समजला असणार.

तंबूच्या मैदानात संध्याकाळी एका सांबराने आमच्या तंबूत डोकं घालून नूडल्सचं पाकीट पळवलं. रेंजरांनी येऊन ते काढून घेतलं आणि आम्हाला तंबी दिली, खाणं गाडीत बंद ठेवा. ते गेल्यावर आई त्या सांबराला लांबूनच म्हणाली, 'काय रे, घरी आई नाही का तुला?' मग एकदम उठून भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस पडला, आणि विरोतला जळू लागली. त्यानेच मोजे घातले नव्हते. 'थंडीत कुठल्या जळवा' म्हणत मिरवत होता. माझ्या पायांवर एकही नाही. माप्रांगने दोनदा तपासले.

धबधबा वरून दिसतो, दादा, पण अर्धाच. पाणी कड्यावरून वाकतं तिथवर दिसतं, पुढे नुसता आवाज. विरोत माप्रांगला घेऊन पायऱ्या उतरला. आई आणि मी वर थांबलो. सगळं जग त्या पायऱ्यांवरून खाली जात होतं आणि घामाघूम होऊन, भिजून, हसत वर येत होतं. मला अशा वेळी वाईट वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. तुलाही तेच सांगणार होते. पण वाटलं. पाण्याचा एवढा आवाज येतो आणि पाणी पडतं कुठे ते दिसत नाही, याने डोळ्यांत पाणी आलं. आईने ते पाहिलं. कठड्याला धरून ती म्हणाली, 'खेम असता तर तुला पाठीवर घेऊन उतरला असता.'

इतक्या वर्षांत तुझं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

आणखी एक गोष्ट घडली, परतायच्या दिवशी. ती मी आज लिहीत नाही. आधी मला ती नीट पचू दे.

तोय

पाक चोंग, ३ जानेवारी

खेमदादा,

बातम्या पुरवणारा सापडला. प्रयुनकाका. तुझे जुने साहेब. दर हंगामात आमच्या रस्त्याकडेच्या टपरीवर येतात, थोडी सीताफळं घेतात आणि फार वेळ बसतात. मला वाटायचं, निवृत्त माणूस, वेळ जात नसेल.

परतायच्या दिवशी सकाळी ते आमच्या तंबूशी आले. थंडीच्या गर्दीत अजून मदतीला जातात म्हणे. आईने कॉफी दिली. दोरीवर आपले मोजे वाळत होते, ते बघून काका सहज बोलून गेले, 'खेमची शिवण काही सुधारत नाही.'

आईने किटली खाली ठेवली. 'तुला काय ठाऊक खेमची शिवण?'

काका पुन्हा दोरीवरच्या मोज्यांकडे बघायला लागले.

'प्रयुन, तुला फोन करतो तो?'

'करतो, ताई.'

'आणि आईला करत नाही.'

काकांनी कॉफीत चमचा फिरवला. साखर केव्हाच विरघळली होती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'त्याने मला शपथ घातलीय. पण ही पोरगी इतकी वर्षं माझ्यासमोर बसून फळं तोलते, भाव करते, लेक वाढवते. आणखी किती जगून दाखवायचं तिने? मी आता सांगून टाकतो.'

आणि सांगितलं. मी दवाखान्यात होते, डॉक्टरांनी आईला नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलं होतं, त्या दिवशी तू ड्यूटीच्या कपड्यांतच राखणदारबाबांसमोर जाऊन बसलास. काका मागे उभे होते. तू म्हणालास, 'तोय जगू दे. मी हा डोंगर पुन्हा डोळ्यांनी बघणार नाही.'

'मी त्याला म्हटलं, अरे येड्या,' काका सांगत होते, 'उकडलेल्या अंड्यांचा नवस बोल, डुकराचं मुंडकं बोल, नाच बोल. एवढं मोठं कुणी बोलतं का? तर म्हणाला, काका, माझ्याकडे दुसरं काही नाही. आणि दुसऱ्या दिवशी पोरीने डोळे उघडले. मग कोण काय बोलणार? घराच्या अंगणातून डोंगर दिसतो, हे त्याच्या नंतर ध्यानात आलं. म्हणाला, आईला कळलं तर ती मला ओढून घरी आणेल, आणि मग तोयचं काय होईल?'

माझ्या फोनमध्ये तो शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो अजून आहे. मी उघडून बघितला. माप्रांग, मी, आणि आमच्या मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत डोंगर. माझी खुर्ची तर कोपऱ्यात, अर्धीच आलीय. आणि मी तीन वर्षं तुझ्यावर रुसून बसले. वेड्या, निदान एक ओळ लिहायचीस, मी फोटो भिंतीकडे तोंड करून काढले असते.

आईने खलबत्ता पुढे ओढला आणि मिरच्या कुटायला घेतल्या. मिरच्यांचा लगदा झाला तरी कुटत होती. माप्रांग म्हणाली, 'आजी, पुरे.' तेव्हा थांबली. तिचे डोळे लाल झाले होते. मिरचीने झाले असं ती म्हणाली.

मग तिने काकांना विचारलं, 'परत घेता येतो का असला नवस?'

'घेता येतो. बाबांनी सोडलं तर. देवळातल्या पितळी हत्तीला विचारायचं.'

म्हणून उतरताना पुन्हा देवळाशी थांबलो, आणि या वेळी आई सगळ्यांच्या आधी उतरली. विरोतने आणि काकांनी मला खुर्चीसकट पायऱ्या चढवल्या. तो पितळी हत्ती तुला आठवत असेलच, मोठ्या सीताफळाएवढा. बायकांनी अनामिकेने उचलायचा. पहिल्यांदा 'हो असेल तर उचलू दे' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'खरंच हो असेल तर उचलू देऊ नको'. पहिल्यांदा उचलला आणि दुसऱ्यांदा नाही उचलला, तर बाबांचा होकार.

मी म्हटलं, 'बाबा, जिच्यासाठी नवस बोलला ती मी. मी जगले. पाय गेले, पण ते त्याने मागितलेच नव्हते, म्हणून तक्रार नाही. आता त्याला सोडा. बदल्यात अंडी, मुंडकं, आणि दर हंगामात सीताफळांची पहिली टोपली.'

पहिल्यांदा हत्ती उचलला. दुसऱ्यांदा, दादा, तोही उचलला. मी खोटं करत नव्हते. खूप हळू धरला, तरी वर आला. रोज चाकं ढकलून ढकलून माझ्या बोटांचं काय झालंय ते बघितलं तर तुला कळेल. आई म्हणाली, 'हिच्या बोटांना काय विचारायचं? बोटं कसली, पकडी आहेत. बाजूला हो, मी आई आहे त्याची, मी विचारते.'

ती तुझे मोजे घालूनच गुडघ्यांवर बसली. ओठ हलत होते, ऐकू आलं नाही. पहिल्यांदा हत्ती सहज उचलला. दुसऱ्यांदा तिने बोट अडकवलं, खांदा थरथरला, मानेची शीर वर आली, श्वास कोंडला. हत्ती जागचा हलला नाही. 'नाही उचलत,' ती म्हणाली. 'प्रयुन, बघितलंस? नाही उचलत.'

काका वर झाडांकडे बघत होते. म्हणाले, 'बघितलं, ताई.'

दादा, मी तुला एवढंच लिहून थांबू शकले असते. पण मग तुला अर्धंच कळलं असतं. त्याच हाताने तिने दोन दिवसांपूर्वी दगडी खलबत्ता गाडीतून उतरवला होता. मी अगदी जवळ होते. तिच्या बोटावर जोर नव्हता, सगळा जोर चेहऱ्यावर होता. आपली आई, जी देवळातलं गळून पडलेलं फूलसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नाही, ती राखणदाराच्या तोंडावर खोटं बोलली.

आणि ते फुकट नाही, हे तिला माहीत होतं. परतीच्या वाटेवर ती पुढे न बसता मागे माझ्याशेजारी बसली. बराच वेळ माझ्या गुडघ्यावर हात ठेवून होती. मला तो दिसतो, जाणवत नाही, हे ती नेहमी विसरते. मग अगदी हळू म्हणाली, 'तोय, तुला काही होणार नाही ना गं?'

मी म्हटलं, 'आई, मला जे व्हायचं ते होऊन गेलं. आता त्याला येऊ दे.'

मीही बघितलं आणि गप्प बसले, म्हणजे त्या खोट्यात माझा अर्धा वाटा आहे. काही व्हायचंच असेल तर ते मला होईल, आणि मला ते चालेल. तू दिलंस ते मी इतकी वर्षं वापरलं. भरपूर वापरलं. तुला बाबांनी सोडलं की आईने, ते तुझं तू ठरव. मला विचारशील तर आईचं सोडणं मोठं.

तोय

पाक चोंग, २० जानेवारी

खेमदादा,

तुझं उत्तर नाही. खोकंही नाही. प्रयुनकाकांचाही फोन तू उचलत नाहीस म्हणे.

तू कशाला थांबलायस ते मला कळतंय. तू वाट बघतोयस, मला काही होतं का याची. तर ऐक. मला ताप नाही, खोकला नाही, शिंकसुद्धा आली नाही. रोज सकाळी आई माझ्या कपाळाला हात लावून बघते. मग बाहेर जाऊन रस्त्याकडे बघते. मग कोंबड्यांना दाणे टाकते. आपल्या कोंबड्या फार लठ्ठ झाल्यात.

माप्रांगने तुझ्यासाठी शिक्क्यांचं नवं पुस्तक घेतलंय. तिचं म्हणणं, मामाचे सगळे शिक्के राहिलेत, त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि सुरुवात समोरच्या डोंगरापासून. त्या धबधब्याच्या पायऱ्या अजून तिथेच आहेत. मी आता काही हलकी राहिलेली नाही, तेवढी तयारी ठेवून ये. खाली पाणी कुठे पडतं ते मला बघायचंय, आणि विरोतच्या पाठीवर बसायला मी तयार नाही. तो हसायला लागला की घसरतो.

सोबत एक फोटो आहे. फोनवर पोचत नाही म्हणून दुकानातून छापून घेतला. घाबरत घाबरत का होईना, पाकीट फोड आणि बघ.

फोटो मी काढला, अंगणात. मी आईला म्हटलं, भिंतीला टेकून उभी राहा, म्हणजे मागे नुसती भिंत येईल, दादाला बघायला सोपं जाईल. ती भिंतीपासून हटून अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कमरेच्या लुंगीला हात पुसले, केस नीट केले. मी फोन धरला. ती म्हणाली, 'थांब. फोन आणखी वर धर.'

मी फोन वर केला.

'आणखी.'

'आई, तुझे पाय कापले जातील फोटोत.'

'जाऊ देत,' ती म्हणाली. 'मी अर्धी आले तरी चालेल. डोंगर पूर्ण येऊ दे.'

तुझी तोय